नर्सबाईंच्या गरम मुठी

यम रेड्यावर बसून न्यायला येतो आणि नर्सबाई रेड्यावर बसून आणायला येतात, असं गावातली माणसं म्हणायची. रेडा म्हणजे त्यांची मोटारसायकल. काळीकुट्ट, अवजड, नवऱ्याच्या वेळची. थंडीत सुरू होताना ती असा काही गळा काढायची की गल्लीतल्या खिडक्या आपोआप उघडायच्या. "कुठे वळली गं? पुलाकडे की तळ्याकडे?" एवढ्यावरून बायका बाळंतिणीचं नाव सांगायच्या आणि सहसा चुकायच्या नाहीत.

नर्सबाई स्वतः चणीनं एवढ्याशा, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गाडी एकटीच निघालीय आणि तिच्यावर कुणीतरी कोट वाळत घातलाय. दवाखाना होता, पण लांब, आणि त्याच्या पांढऱ्या भिंतींना घाबरणाऱ्या बायका फार. त्या घरीच बाळंत व्हायच्या आणि दवाखाना नर्सबाईंना पाठवायचा.

गाडी त्यांना नवऱ्यानंच शिकवलेली. तो बसडेपोत मेकॅनिक होता. बोलण्यात महाकंजूष, पण हिवाळ्यात बायकोला बोलावणं आलं की हा तिच्याआधी उठायचा, दोन बटाटे उकडायचा आणि तिच्या कोटाच्या दोन खिशांत एकेक सोडायचा. "जाताना हात शेक, येताना खा." उभ्या संसारात यापेक्षा लांब वाक्य त्यानं उच्चारलं नाही, बाकीचं सगळं प्रेम बटाट्यांवरच भागवलं, असं नर्सबाई हसत हसत सांगायच्या. तो गेला आणि बटाटेही बंद झाले. आपणच उकडून आपल्याच खिशात घालायचे, हे काही त्यांच्या हातून झालं नाही.

तशी बटाट्यांची ऊब पुलापर्यंतच टिकायची म्हणा. पुलावरचा वारा लागला की बोटांचे खिळे व्हायचे. म्हणून कुणाच्याही दारात उतरल्यावर नर्सबाईंचा एक ठरलेला कार्यक्रम असे. हेल्मेटचा पट्टा त्यांना सोडवता यायचा नाही. तेव्हा होऊ घातलेल्या बापाला पुढे बोलवायचं आणि हनुवटी वर करून उभं राहायचं. त्याचीही बोटं लटपटत असायची, आणि ती काही थंडीनं नव्हे. "सावकाश रे. गळा माझा आहे." तेवढ्यात त्याची परीक्षा होऊन जाई. फारच लटपटला तर लाकडं फोडायला धाडत, पण त्याआधी कुऱ्हाड बोथट आहे ना, याची सासूकडे चौकशी करत.

मग शेगडीजवळची खुर्ची, दोन्ही तळवे निखाऱ्यांपुढे, चहाचा कप, आणि गप्पा. कुणाचं कुणाशी फिसकटलं, कुठल्या शेजाऱ्यानं रातोरात कुंपण हातभर पुढे सरकवलं, शिंपी स्वतःच्या बायकोच्या मापात दरवर्षी कसा चुकतो. आतली बाई कळा देत असायची आणि बाहेर नर्सबाई मांडीवर थापा मारून हसत असायच्या. नवख्या नवऱ्यांचं डोकं फिरायचं.

"अहो, आत जा ना आता."

"हे असले हात लावू तुझ्या बायकोला? तुला लावून दाखवू का आधी, मानेला?"

की नवरा मान आत घेऊन मागे सरायचा.

अशी कितीतरी वर्षं गेली. साठीच्या अलीकडे नर्सबाईंची बोटं थंडीत पांढरीफटक पडायला लागली. एकदा तर घरी परतल्यावर संध्याकाळपर्यंत कोटाचं बटण निघेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, बोटं जपा, नाहीतर गाडी सोडा. गाडी सोडायची म्हणजे काम सोडायचं, आणि काम सोडून घरी बसायचं म्हणजे गावातल्या बातम्या दुसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या. ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

मुलाचं गॅरेज होतं. बापाच्या वाटणीचंही हाच बोलायचा. त्यानं कुठूनतरी गरम होणाऱ्या मुठी आणल्या आणि रेड्याच्या हँडलला बसवल्या.

"आई, हे बटण दाबायचं की मुठी तापल्या."

"आणि रेडा?"

"तो थंडच राहणार."

"मग वाईट वाटेल त्याला."

"चेष्टा नको. वायर थेट बॅटरीला जोडलीय. उतरल्यावर बटण बंद करायला विसरू नकोस."

पोरानं हौसेनं केलेलं, म्हणून त्याच्यासमोर नर्सबाई एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारणींना मात्र सगळं सांगितलं. तळवे घामानं चिंब आणि बोटांच्या पाठी गारठलेल्या, म्हणजे पाव एका बाजूनं करपलेला आणि दुसऱ्या बाजूनं कच्चा. मुठी इतक्या जाड की हॉर्नपर्यंत अंगठा पोचत नाही, मग तोंडानंच "सरका, सरका" करत जावं लागतं. उजवी मूठ सारखी फिरवायची असते, त्यामुळे तिची वायर मनात आलं तर चालते, नाहीतर रुसते. आणि उतरल्यावर ओले हातमोजे असे गार पडतात की विचारू नका. तरी पुलावर बोटांना पहिल्यासारखी कळ लागेनाशी झाली हे खरं. काम टिकलं, यातच त्या खूश होत्या.

मुठींचा खरा तोटा त्यांना बेकरीवालीच्या घरी कळला.

बेकरीवालीची मुलगी बेकरीमागच्या घरातच राहायची. तिलाही या जगात नर्सबाईंनीच आणलेलं. नवरा शाळेत चित्रकला शिकवणारा, काडीसारखा. सकाळी बोलावणं आलं तेव्हा रस्त्यावर हिम पडलं होतं, आणि नर्सबाई पोचल्या त्या ऊबदार हातांनी. जावई पट्टा सोडायला हात पुढे करून उभाच होता. त्यांनी चटकन स्वतःच पट्टा उघडला, हेल्मेट त्याच्या हातात दिलं, हात धुतले आणि तडक आतल्या खोलीत.

मुलगी तोवर मजेत होती, दोन कळांच्या मध्ये वेणी घालत होती. नर्सबाईंना दारात पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. वेणी अर्धी राहिली. कळा थांबल्या.

नर्सबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके घोडा दौडावा तसे. सगळं जागच्या जागी. "झकास आहे बाई, काही काळजी नाही," त्या म्हणाल्या. मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ गेला तरी कळ काही परत येईना. मुलगी नुसती चादर मुठीत धरून बसली होती. असंच चाललं तर हिला या थंडीत पूल ओलांडून दवाखान्यात हलवावं लागणार. त्यांनी बेकरीवालीला बखोट धरून स्वयंपाकघरात नेलं.

"काय झालंय तुम्हाला? सुतकी तोंडं कसली करताय?"

"तुम्हीच सांगा बाई. आता लपवू नका."

"काय लपवू?"

"तुम्ही बसला नाहीत."

"कुठे बसले नाही?"

बेकरीवालीनं शेगडीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. खुर्चीवर धुतलेलं फडकं अंथरलं होतं. शेजारी झाकून ठेवलेला चहा.

"हिच्या वेळी तुम्ही इथे बसून हसत होतात. मी आत मरणाची घाबरलेली. म्हटलं, ही बया एवढी खिदळतेय म्हणजे मी काही मरत नाही. सगळ्या बायका तेच सांगतात. नर्सबाई शेगडीपाशी बसल्या की निम्मं उरकलं. न बसता आत गेलात त्या दोनदाच. तळ्याकाठची जुळी, आणि सुताराची सून."

त्या दोन्ही दिवशी हात शेकायला वेळ नव्हता, एवढंच नर्सबाईंना आठवत होतं. जुळ्यांतलं एक वाचलं नव्हतं. आणि आपण इतकी वर्षं शेगडीपाशी फक्त हात शेकत होतो, अशी त्यांची समजूत.

त्या वळल्या, जावयाच्या मांडीवरचं हेल्मेट उचललं, डोक्यात घालून पट्टा आवळला आणि मागच्या अंगणात गेल्या. तिथे पाण्याचं पिंप होतं, वर पापुद्र्यासारखा बर्फ. तो कोपरानं फोडून त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत आत बुडवले.

"वेड लागलं का बाई? डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला?"

"चहा गरम कर तू."

बोटं पांढरी पडल्यावर घराला वळसा घालून त्या पुढच्या दारात आल्या.

"जावईबापू, पट्टा सुटत नाही. आणि सावकाश, गळा माझा आहे."

तो बिचारा आता दुप्पट लटपटत होता. पट्टा सोडवायला बराच वेळ लागला. मग खुर्ची, निखारे, चहा. नर्सबाईंनी आत ऐकू जाईल असा आवाज लावला.

"पोस्टमास्तरांनी मिशा काळ्या केल्यात म्हणे."

बेकरीवाली क्षणभर बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "या वयात?"

"वय गुडघ्यांना असतं. मिशांना कसलं? आणि नाचाच्या क्लासला जातात. रोज, नवे बूट घालून."

आत शांतता. निखारे तेवढे तडतडत होते. नर्सबाईंनी चहाचा घोट घेतला आणि मोठ्यानं हसल्या, पण डोळे आतल्या दारावरच.

"पोस्टमास्तर नाही, मावशी," आतून आवाज आला. "त्यांचा धाकटा भाऊ. आणि नाचाचं कसलं घेऊन बसलात, नाच शिकवणाऱ्या बाईंसाठी..."

वाक्य पुरं झालं नाही. कळ आली होती, चांगली सणसणीत.

"मावशी, या ना आता."

"थांब जरा. हात शेकतेय."

आणि खरंच शेकले त्यांनी, बोटांत रक्त फिरेपर्यंत. दुपारची पावांची खेप भट्टीतून निघायच्या आत मुलगी झाली, गुबगुबीत, आजीसारखं नाक उडवणारी.

निघताना रेडा मुका. मुठींचं बटण बंद करायचं राहिलं होतं आणि बॅटरी ठार. जावई म्हणाला, मी ढकलतो. मघाशी लटपटणारा तो, आता अंगात बारा हत्तींचं बळ. निघण्याआधी त्यानं भट्टीतून नुकते काढलेले दोन गरम पाव आणले आणि काही न बोलता नर्सबाईंच्या कोटाच्या दोन खिशांत एकेक सोडला. पूलभर नर्सबाई गाडीच्या बाजूनं खिशात हात घालून चालत होत्या. गाडीचा आवाज न येता गाडी आली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या फसल्या. पोस्टमास्तरांच्या भावाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचायला त्यामुळे संध्याकाळ उजाडली.

मुलगा दारातच होता. "बटण विसरलीस ना? हात गार पडले असतील."

नर्सबाईंनी हात खिशातून काढून त्याच्या गालांना लावले. ऊबदार.

"बघ, मुठी काय चीज आहे ते," तो म्हणाला. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो पुढे कित्येक वर्षं हेच सांगायचा.

नर्सबाईंनी त्याला कधी खोडलं नाही. मुठीही काढायला लावल्या नाहीत. फक्त पूल उतरला की त्या बटण बंद करायच्या, म्हणजे दारात पोचेपर्यंत हात बेताचे गारठायचे. कधी ऊब रेंगाळलीच, तरी हनुवटी वर करून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, पट्टा सुटत नाही रे.

त्या दिवशी मात्र मुलाला दारातच सोडून त्या घरात गेल्या, कोट न काढता टेबलापाशी बसल्या, आणि खिशातले दोन्ही पाव सावकाश खाल्ले.