दाजींनी बेतलेले पैलवान

व्हिडिओ गेममध्ये हरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, चिडलेली पाहिली, मशीनला गुद्दे घालणारीही पाहिली. पण पडद्यावरच्या पैलवानाची बाही उसवली आहे, म्हणून त्याच्याकडून खेळायला साफ नकार देणारा माणूस या भूतलावर एकच जन्माला आला आणि तो नेमका आमच्या आक्काच्या वाट्याला आला. आक्काचे यजमान म्हणून आम्ही त्यांना दाजी म्हणायचं. पण पुढं पुढं माझ्या पार्लरमध्ये येणारी कॉलेजची पोरंही त्यांना दाजीच म्हणू लागली, आणि एवढ्या मेव्हण्यांचं त्यांना कधी ओझं वाटलं नाही.

नव्वदचं दशक तेव्हा निम्मंअधिक सरलं होतं. मी बी.कॉम. होऊन पिंपळीच्या घरी वडिलांच्या म्हशींकडं आणि म्हशी माझ्याकडं बघत बसलो होतो. म्हशी दोघांपैकी जास्त समाधानी होत्या. शेवटी वडिलांच्या मागं लागून बारामतीत स्टँडजवळ एक गाळा घेतला आणि व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं. दाजींचं दुकान इंदापुरात, टेलरिंगचं. गुरुवारी बारामतीचा बाजार, तेव्हा दर गुरुवारी ते अस्तर, बटणं आणि दोरे न्यायला एसटीनं यायचे. या वस्तू इंदापुरात मिळत नव्हत्या असं नाही. आक्कानं एकदा तसं विचारलंही होतं, तर म्हणाले, "बारामतीच्या दोऱ्याला पीळ चांगला असतो." दोरा घ्यायला त्यांना दहा मिनिटं लागायची आणि त्याचा पीळ तपासत ते माझ्या पार्लरमध्ये दुपारच्या गाडीपर्यंत बसायचे.

आत आल्यावर ते पहिल्यांदा माझ्या शर्टाकडं बघायचे. मी तेव्हा रेडीमेड शर्ट घालायला लागलो होतो आणि शिंप्याच्या मेव्हण्यानं असं करणं म्हणजे हलवायाच्या घरच्यानं बाहेरून पेढे आणण्यासारखंच होतं. ते फक्त दोन बोटांत कॉलर धरून सोडून द्यायचे. मग त्यांचं लक्ष पडद्याकडं वळायचं आणि माझी सुटका होऊन तिथल्या पैलवानांची पाळी यायची. आमच्याकडं मारामारीचा एक गेम फार चालायचा. त्यातला मुख्य गडी पांढरा अंगरखा घातलेला, डावी बाही खांद्यापासून फाटलेली. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. दाजींनी त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "ह्यो गडी देश सोडून लढाय निगाला," ते म्हणाले, "आन् घरातनं कुणी दोन टाकं घातलं न्हाईत व्हय?" एका पोरानं समजावलं, "दाजी, ती स्टाईल हाय." दाजींनी क्षणभर विचार केला. "स्टाईल असती तर दोनी बाह्या फाटल्या असत्या. ही एकच फाटलीया. शिवणीत आत जादा कापड, माया म्हनत्यात ती, ठेवली न्हाय, दुसरं काय." तेव्हापासून ते त्या गड्याला शिवेनात. त्याऐवजी कोपऱ्यातला एक ढेरपोट्या, आळशी पैलवान घेऊन खेळायचे, कारण त्याच्या विजारीची नाडी व्यवस्थित बांधलेली होती. तो दर वेळी पहिल्याच फेरीत आडवा व्हायचा, पण पडल्यावरही त्याचे कपडे ठाकठीक असायचे आणि दाजी समाधानानं मान हलवायचे.

दुसरा एक लष्करी जवान होता, अंगभर खिसे असलेला. दाजींनी ते मोजले, बारा भरले. मग पुढचा पाऊण तास ते नुसते बघत बसले. पाऊण तासानं म्हणाले, "पावणं, एकदा तरी हात घातला का ह्यानं खिशात?" मी म्हटलं, नाही. "मग कापड वाया घालवलं की." एक जादूगार होता, त्याचा झगा जमिनीवर लोळायचा. तो उडी मारताना झग्यात पाय अडकून पडत कसा नाही, हे कोडं दाजींना कधीच सुटलं नाही. त्यांना त्या गेममधली आग, वीज, हातातून सुटणारे निळे गोळे यांचं काडीचं आश्चर्य वाटत नसे. झगा पायात येत नाही, एवढीच एक गोष्ट त्यांच्या मते खोटी होती.

आणि मग ती बाई. तिच्या पायघोळ झग्याला कमरेपर्यंत चीर दिलेली, आणि ती दर दोन क्षणांनी लाथ मारायची. पहिले काही गुरुवार दाजींनी सभ्यपणे तोंड फिरवून घेतलं. पण धंद्यानं शेवटी मर्यादेवर मात केली. "चीर देनं बराबर हाय," ते म्हणाले, "लाथंला मोकळीक पायजे. पन चिरीच्या तोंडाला अडकनीचा टाका न्हाय. तिसऱ्या लाथंला शिवण बगलंपर्यंत जानार." आता पोरांनाही उत्सुकता लागली की मग या बाईला काय शिवावं. दाजींचं उत्तर तयार होतं. वडगाव निंबाळकरला उसात खुरपणाऱ्या बायका दिवसभर वाकतात, बसतात, पाट ओलांडतात, वेळ आली तर बैलाला आडव्या जातात आणि त्यांचं लुगडं जागचं हलत नाही. तर हिला काष्टा घाला. नऊवारी, घट्ट काष्टा, पदर कमरेला खोचलेला. "पाय दोनी मोकळं आन् दिसत काय बी न्हाय." मग त्यांनी पिशवीतून मापाची वही काढली, टेप काढला आणि सरळ पडद्याच्या काचेला लावला. काचेवरच्या विजेनं त्यांच्या हातावरचे केस उभे राहिले. त्यांनी हात मागं घेतला आणि जरा आदरानं म्हणाले, "अंगात तेज हाय बाईच्या."

त्या दिवशी त्यांनी वहीच्या पानावर काष्ट्यातली ती बाई काढली, बाजूला मापं लिहिली, पान फाडून माझ्याकडं दिलं आणि गेम बनवणाऱ्या कंपनीला पाठवायला सांगितलं. "जपानला असंल ना? पत्ता काढा." मी पत्ता काढला नाही. पान गल्ल्याच्या खणात ठेवलं आणि पुढच्या गुरुवारी, बेशरमपणे, पाठवलं म्हणून सांगितलं. त्यानंतर कित्येक महिने दाजी आल्याआल्या विचारायचे, "जपानचं काय आलं?" आणि मी म्हणायचो, "लांबचं टपाल हाय दाजी." एवढ्या सरळ माणसाला थाप मारणं सोपं असतं, ती दर गुरुवारी मारत राहणं अवघड जातं.

इतकं असूनही दाजी एका मशीनवर अजिंक्य होते. मुंबईहून जुन्या मालात आलेलं एक खटारा मशीन कोपऱ्यात पडलं होतं. त्याला ना दांडा, ना बटणांची रांग. फक्त एक गोल चकती. ती फिरवली की पडद्यावरची आडवी पट्टी इकडंतिकडं सरकायची आणि पट्टीवर चेंडू उसळून वरच्या विटा फोडायचा. जगानं ही तऱ्हा केव्हाच सोडून दिली होती, पोरं त्याच्यावर दप्तरं ठेवायची. दाजींनी मात्र चकतीवर उजवा तळवा ठेवला आणि घरी आल्यासारखे स्थिरावले. शिलाई मशीनचं चाक उजवीकडंच असतं आणि ते तळव्यानं किती दाबलं की सुई कुठं थांबते, हे त्यांच्या हातात तीस वर्षं मुरलं होतं. डावा हात ते मशीनच्या फळीवर पसरून ठेवायचे, कापड धरल्यासारखा. चेंडू कितीही वेगानं येवो, पट्टी त्याच्याखाली बरोबर टाका घातल्यासारखी हजर असायची. पहिल्या क्रमांकाला त्यांचंच नाव, दुसऱ्यालाही त्यांचंच. मशीन बंद केलं की ती नावं पुसली जायची, म्हणून दर गुरुवारी ते नव्यानं जिंकायचे.

नव्या मशीनवर मात त्यांचं गाडं अडायचं. दांडा वर केला की उडी, खाली केला की बसणं आणि वर सहा बटणं. दाजी दांडाही गोल फिरवायचे आणि त्यांचा ढेरपोट्या भर मारामारीत उठाबशा काढायचा. त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. "हाताला येवढी कामं, आन् पाय बिनकामाचं? वेग पायात असतो पावणं. हात निस्तं वळन द्याय असतात." आणि त्यांचा पाय खरंच गप्प बसत नसे. खेळायला बसले की तो खाली आपोआप पायडल मारायला लागायचा. एका गुरुवारी कॉलेजची पोरं शेवटच्या खलनायकापर्यंत पोचली होती. सारं पार्लर श्वास रोखून उभं होतं. शेजारच्या कोपऱ्यात दाजी विटा फोडत होते. त्यांचा चेंडू वेगात आला, पाय वेगात आला आणि मशीनखालून जाणारी वायर पायात येऊन सगळ्या मशीनांचा भिंतीतला एकुलता प्लगच निघाला. सगळे पडदे एकदम काळे झाले. त्या शांततेत दाजी म्हणाले, "दोरा तुटला का?"

पोरांनी मला निर्वाणीचं सांगितलं. स्टेशनच्या बाजूला दुसरं पार्लर निघालं होतं, तिथं नवीन गेम आला होता आणि तिथं कुणाचा पाय चालत नव्हता. मलाही पुण्याचा एक व्यापारी जुनं मशीन घेऊन त्याच्या बदल्यात तो नवीन गेम द्यायला तयार होता. माझी जागा एकच आणि जुनं मशीन एकच. खरं सांगायचं तर मनात एक चोर होता: ते मशीन गेलं की दाजींचा पायही आपोआप जाईल. मशीन जाणार, हे त्यांना तोंडावर सांगायचा धीर मला झाला नाही. पंचमीला आक्का पिंपळीला माहेरी आली, तेव्हा तिच्याकरवी निरोप धाडला.

पुढचे तीन गुरुवार दाजी आले, पण खेळले नाहीत. टेप काढून कोपऱ्यात मापं घेत राहिले, वहीत लिहीत राहिले. पोरांनी डोळे मिचकावले, मीही हसलो. मला वाटलं, पडद्यावर आणखी कुणी उघडं सापडलं असेल.

चौथ्या गुरुवारी व्यापाऱ्याचा टेम्पो दारात लागला, नवीन मशीन त्यात दोरीनं बांधलेलं. हमाल जुन्या मशीनला हात घालणार, तोच दाजी एसटीतून उतरून आले. बगलेत मोठं गाठोडं. "जरा थांबा," ते म्हणाले आणि गाठोडं सोडलं. आत मशीनची गवसणी होती. कोटाच्या जाड तपकिरी कापडाची, आतून अस्तर, कडेनं लाल गोट, मागं वायरीसाठी काज केलेलं, आणि चकतीच्या जागी एक छोटी गोल टोपी, नाडी ओढून बसवायची. त्यांनी ती मशीनला घातली, चारी कोपरे ओढून पाहिले, एक पाऊल मागं सरून डोळे बारीक केले. कुठं सुरकुती नव्हती.

व्यापारी म्हणाला, "अहो, भंगारात जाणार ते. सुटे भाग काढायचेत."

"न्या की," दाजी म्हणाले. "आमी कुठं न्हाय म्हनतो? पन घरातनं लेक निगाली तर आमी नवं कापड घालून धाडतो. नागवी धाडत न्हाय." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "येवढ्या गुरुवारात येक बी चेंडू पडू दिला न्हाय तिनं माझा. दुकानात आता गिऱ्हाईक कमी झालंय. हितं आलं की हात चालतोय आसं वाटायचं."

मी माझ्या अंगावरच्या रेडीमेड शर्टाची कॉलर उगाच नीट केली. मला लाज वाटली, फार लाज वाटली. आणि लाजेपेक्षा जास्त, हा माणूस आपल्या घरचा आहे याचं बरं वाटलं. मी टेम्पो परत पाठवला. व्यापारी जाताना मला वेडा म्हणाला, पोरं तर त्याहून स्पष्ट बोलली. दाजींनी टोपीची नाडी सोडली, गवसणी पुढून वर केली आणि तळवा चकतीवर ठेवला. मी जाऊन प्लगपाशी उभा राहिलो.

पोरं हळूहळू स्टेशनच्या बाजूला गेली. दोन वर्षांत माझं पार्लर बसलं आणि मी पिंपळीच्या म्हशींकडं परतलो. त्यांनी मला काही विचारलं नाही. बाकीची मशीनं विकली गेली, ते एक कुणी घेईना, आणि घेतलं असतं तरी मी दिलं नसतं. आता ते आमच्या पडवीत दुधाच्या कॅनशेजारी उभं आहे. पडदा कधीच गेला. गवसणीचा लाल गोट विटला आहे, पण एक टाका उसवलेला नाही. दाजींनीही दुकान बंद करून बराच काळ लोटला. मध्यंतरी नातवाच्या मोबाईलवर त्यांना एक लढणारी बाई दिसली, पायांत व्यवस्थित विजार, कंबर कसलेली. बराच वेळ त्यांनी ती न्याहाळली आणि मला हाक मारून दाखवली. "पोचलं बगा पत्र," म्हणाले. ते पान अजून माझ्याकडं आहे. मी म्हटलं, "व्हय दाजी, पोचलं."

पिंपळीला आले की ते पडवीत जातात, स्टूल ओढतात, नाडी सोडतात. काळ्या पडद्यासमोर उजवा तळवा चकतीवर, डावा हात फळीवर पसरलेला. थोड्या वेळानं खाली पाय चालू होतो. आणि मी हातातलं काम टाकून उठतो आणि वायर त्यांच्या पायाखालून हळूच बाजूला करतो. ती गेली कित्येक वर्षं कशालाच जोडलेली नाही.