मंगळवारची शुगर

बुधवारी सकाळी श्रावणी पुन्हा वॉर्डात आली. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा. शुगर चारशे ऐंशी, श्वास जोरजोरात, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. हा वास कीटोन्सचा. इन्सुलिन नसलं की शरीराला रक्तातली साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साठतं. वेळेत उपचार झाले नाहीत तर मूल दगावतं.

मी धाराशिवला बालरोगतज्ज्ञ आहे. श्रावणी नऊ वर्षांची, तुळजापूरच्या एका पुजाऱ्यांच्या घरातली. तिला टाइप वन मधुमेह. हा गोड खाऊन होत नाही. शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद पडतं, म्हणून ते रोज बाहेरून टोचावं लागतं.

मोठ्या शहरातल्या एका तज्ज्ञांना फोन केला. "ब्रिटल डायबेटिस," ते म्हणाले. ब्रिटल म्हणजे ठिसूळ. निदान भारदस्त होतं. अर्थ एवढाच, की त्यांनाही कळलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी श्रावणी उठून बसली. तिच्या आईने ठेवलेली वही घेऊन मी कॉटजवळ बसले. सकाळची शुगर, दिलेला डोस, सगळं लिहिलेलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी ठेवलं, तेव्हा दिसलं की वाढलेले आकडे बहुतेक बुधवारचे आणि शनिवारचे आहेत. म्हणजे गडबड आदल्या दिवशी होत होती.

"मंगळवारी काय जेवतेस गं?"

"पुरणपोळी."

"आणि शुक्रवारी?"

"पुरणपोळी." मला काही कळलं नाही हे तिला कळलं. "त्या दिवशी मी देवी असते."

परगावची कुटुंबं नवस फेडायला येतात आणि पुजाऱ्यांच्या घरी उतरतात. त्यांना यजमान म्हणतात. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार. यजमान कुमारिकेला पाटावर बसवतात, पाय धुतात, ओटी भरतात, आरती करतात, जेवू घालतात. या घरात कुमारिका एकच होती.

"मग इन्सुलिन?"

"देवीला सुई कशी टोचणार?"

आई खाली बघत होती. "मॅडम, त्या दिवशी सुई दिलेली नसायची. वहीत मीच लिहायची दिली म्हणून. तिकडं सासूबाई न्हाय म्हणायच्या, इकडं तुम्ही रागवायच्या."

खरं होतं. मी रागवायची.

नवरात्राला बारा दिवस उरले होते. नऊ दिवस सलग देवी, म्हणजे नऊ दिवस दिवसभर इन्सुलिन नाही. त्यातून ही मुलगी वाचली नसती.

मी त्या सासूबाईंना, म्हणजे श्रावणीच्या आजींना बोलावून घेतलं. औषध कंपनीने दिलेलं, इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाचं दाराएवढं उंच चित्र उलगडलं आणि वीस मिनिटं बोलले.

"चित्र लई भारी हाय," आजी म्हणाल्या. "पर आमी येडे न्हाय, डाक्टरबाई. रोज देतोच की सुई. त्या दिवशी तिच्या अंगातून रगात काढायचं न्हाय, येवढंच."

"मग तिला पाटावर बसवू नका."

आजी काही बोलायच्या आत श्रावणीच रडायला लागली. शाळेत वाढदिवसाचं चॉकलेट तिला वगळून पुढे जातं. मैत्रिणींच्या आया भीतीपोटी तिला जेवायला बोलवत नाहीत. पाया पडून, आग्रह करकरून तिला वाढतात ते या दोनच दिवशी. मी तेवढंच बंद करायला निघाले होते.

आजींनी पदराने नातीचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पाय धुतल्यावर ती देवी. त्याच्या आधी आमचीच पोर हाय की. तवा दिली सुई तर?"

मी कागद ओढून वेळा मांडल्या. तिचं जेवणाचं इन्सुलिन अर्धा तास आधीच द्यायचं असतं. पाय धुणं, ओटी, आरती यांत अर्धा तास जातोच. सकाळचा डोस अंघोळीआधी, दुपारचा पाय धुण्याआधी, आणि रात्री यजमान गेले की ती पुन्हा पोर. पुरणपोळ्या दोन, आकार ठरलेला, डोस त्या हिशेबाने.

धोका एकच होता. सुई दिल्यावर जेवण लांबलं तर शुगर घसरते आणि मूल बेशुद्ध पडू शकतं.

"आरती लांबली तर?" मी विचारलं.

"त्ये मी बघते."

नवरात्राच्या पाचव्या दिवशी आईचा फोन आला. यजमान गाड्यांचा ताफा आणि फोटोग्राफर घेऊन आले होते. आरतीचा व्हिडिओ हलला, म्हणून त्या यजमान साहेबांनी आरती पहिल्यापासून घ्यायला सांगितली. आजी ताट घेऊन मधे आल्या.

"देवीला भूक लागलीया. तुमची आरती मागनं."

"आजी, दोनच मिनिटं."

"देवी थांबत न्हाय. सरका."

साहेब सरकले. पहिला घास तोंडात गेला तेव्हा सुईला अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

त्या नऊ दिवसांत शुगर दोनदा तीनशेच्या वर गेली आणि एकदा साठवर आली. तेव्हा घरच्यांनी साखरपाणी पाजून ती सावरली. वॉर्डात यावं लागलं नाही.

तीन महिने मी डोस बदलत होते. मंगळवारी घरी काय असतं, हे विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. आता पहिल्या भेटीत विचारते. डोस चुकला हे पालकांनी न घाबरता सांगावं, म्हणून ओपीडीत रागवणंही सोडलं आहे. ते अजून पूर्ण जमलेलं नाही.