टाकीतला तपकिरी चिकटा

तिसरी गोगलगाय उताणी पडलेली दिसली, तेव्हा बी टिमाने, म्हणजे टिमाबाईने, हातातला चहा न पिताच खाली ठेवला. दिवसभर काचेला चिकटून शेवाळ चरणारा जीव तो. आपण होऊन काच सोडतो कशाला? टिमाने तिला उचलून नाकाशी धरलं. मेलेली. कालच्या दोन धरून तिसरी.

स्वालेह बादी हा मोम्बासाच्या दक्षिणेकडचा रंगीत माशांचा व्यापारी. किनाऱ्यालगत त्याची पत्र्याची शेड, आत ओळीने काचेच्या टाक्या. सतरा वर्षांपूर्वी टिमाचा नवरा, त्याच्याचकडचा पाणबुड्या कोंबो, तापाने गेला, आणि स्वालेहने तिला शेडमधली फडकी पिळायला ठेवलं. फडकी पिळता पिळता बाई कुठल्या कुठे पोचली! हिरवं केसाळ शेवाळ दिसलं की म्हणायची, "माशांना खायला जास्त होतंय, हात आखडा." दगडावर लालसर साय धरली की नखाने कोपरा उचलून अख्खी सोलून काढायची, वास घेऊन नाक मुरडायची आणि सांगायची, "इथे पाणी हलत नाही. पंपाचं तोंड इकडे वळवा." नव्या टाकीत वाळूवर तपकिरी धूळ बसते, तिला मात्र हात लावू द्यायची नाही. "बाळाचं जावळ आहे ते. आपसूक जाईल."

पण एक नंबरची टाकी नवी नव्हती, आणि टिमाचा जीव अडकला होता तो त्याच टाकीत. तिच्यात कोंबोचं निळं प्रवाळ होतं. ज्या वर्षी समुद्र तापला आणि आमचा सगळा प्रवाळाचा खडक हाडासारखा पांढरा पडला, त्याच्या आदल्या वर्षी कोंबोने बोटभर तुकडा तोडून आणला होता. आता बाहेर त्या निळ्याची काडीसुद्धा उरली नव्हती. टाकीत मात्र टोपलीएवढं झुडूप झालं होतं. येत्या उतरणीच्या वाऱ्यात, समुद्र शांत झाला की, त्याचे चाळीस तुकडे खडकातल्या जुन्या डबक्यात परत लावायचे, असं गावाने ठरवलं होतं. त्यासाठी वर्षभर त्या डबक्यात कुणी जाळं टाकलं नव्हतं. टिमाने गावाला शब्द दिला होता.

आणि आता हा चिकटा. दोन महिन्यांपूर्वी नैरोबीतल्या कुणा हौशी माणसाचं दुकान मोडलं, तिथले दगड स्वालेहने उचलून आणले. कुठल्या परक्या समुद्रातले कोण जाणे! "शोभा येते," म्हणत त्याने ते एक नंबरमध्येच रचले. पंधरा दिवसांनी वाळूवर तपकिरी थर आला. मग त्याचे धागे झाले, धाग्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे. सकाळी पाहावं तर जवळजवळ काही नाही, आणि दुपारी उन्हाबरोबर सगळं परत हजर. नाकातल्या शेंबडासारखं, दुसरं काय म्हणायचं!

"बी टिमा, डोळ्यांना म्हातारपण आलं की काय?" स्वालेहने टोमणा मारला. "पाहुणे यायचेत, आणि टाकी बघा."

"डोळे शाबूत आहेत माझे. तुमच्या त्या शोभेच्या दगडांना विचारा!"

तिने कंबर कसली. रोज नळीने चिकटा ओढून काढला. माशांचा घास निम्मा केला. टाकी अशी लख्ख ठेवली की काचेवर हिरवा ठिपका राहिला नाही. आणि पाणी? आमच्याकडे पाण्याचं एक आहे. कोंबो दर उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, ओहोटीने खडक उघडा पडला की, त्या डबक्यातून दोन डबे ताजं पाणी आणायचा, आणि टाकीतलं दोन डबे पाणी नेऊन तिथेच ओतायचा. समुद्राकडून नुसतं घ्यायचं नाही, घेतलं तेवढं परत द्यायचं. तो गेल्यावर टिमाने एकही उधाण चुकवलं नाही. पावसात गेली, तापात गेली, मुलीच्या लग्नादिवशीही जाऊन आली. या दोन महिन्यांत तर दोनाचे सहा डबे केले. नवं पाणी घातलं की दुसऱ्या दिवशी चिकटा दुप्पट दिसायचा. तिला वाटायचं, अजून कमी पडतंय.

तोंडाने नळी ओढताना तिचा घसा खवखवायला लागला, तेव्हा तिच्या भावाचा मुलगा अथमान पुढे आला. चाळिशीचा पाणबुड्या. प्रवाळ कसं लावायचं ते शिकायला सरकारी समुद्रशाळेत महिनाभर राहून आला होता.

"आत्या, रागावू नकोस, पण हे जावळ नव्हे."

"अक्कल पाजळू नकोस. सतरा वर्षं झाली मला."

"मग हरकत काय आहे? बरणी दे, आणि एक जुनं फडकं."

त्याने चिकट्याचा गोळा बरणीत टाकला, टाकीचंच पाणी घातलं, झाकण लावून जीव खाऊन हलवलं. सगळं विरून पाणी चहासारखं झालं. फडक्यातून गाळलं तर नुसतं पिवळट पाणी उरलं. ते त्याने उन्हात ठेवलं.

"तुझी तपकिरी धूळ असेल तर अशीच विरलेली राहील," तो म्हणाला.

दोघं बाकावर बसून राहिली. अर्ध्या तासाने टिमा उठून बरणीजवळ गेली आणि तिथेच खिळली. स्वच्छ गाळलेल्या पाण्यात धागे धरत होते. कुठूनतरी कण येत होते, एकमेकांना चिकटत होते, बघता बघता बोटभर शेपटी झाली आणि तिच्या टोकाला एक बुडबुडा चढला.

"या अल्ला! हे तर एकमेकांना शोधतायत."

"जिवंत आहे ते. विषारीही असतं यातलं काही. गोगलगाई त्यानेच मेल्या, आणि तुझा घसाही त्यानेच धरला." अथमान हळू बोलत होता, जणू बरणीला ऐकू जाईल. "टाकी जितकी स्वच्छ, तितकं याचं फावतं. हिरवं शेवाळ तू उपाशी मारलंस, त्याची जागा याने बळकावली. आणि ताजं समुद्राचं पाणी म्हणजे याची मेजवानी. आता टाकी चार दिवस काळ्या कापडाने झाकायची. पाणी बदलायचं नाही. मग माशांना पोटभर घालायचं, हिरवं आलं तर येऊ द्यायचं. जगलं तर निळं जगेल."

टिमाने मान हलवली. सतरा वर्षांचा गर्व एका बरणीत बुडाला, पण निळ्यासाठी तिने तोही गिळला.

"आणि काढलेलं पाणी," अथमान कापडाची घडी मोडत म्हणाला, "त्यात ब्लीच घालायचं, मगच खड्ड्यात ओतायचं. एक थेंब समुद्रात जाता कामा नये. हे आपल्या पाण्यातलं नाही."

त्याने वर पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आत्या? कुठे ओतलंस पाणी?"

उत्तराची गरजच नव्हती. साऱ्या गावाला ठाऊक होतं ती कुठे ओतते ते. दोन महिन्यांत चार उधाणं आणि दर उधाणाला सहा डबे.

त्या दिवशीही उधाणच होतं. दुपारच्या ओहोटीला दोघं खडकावर चालत गेली, तिच्या हाती धुऊन घेतलेली रिकामी बरणी. पाणी मागे हटून सगळा खडक उघडा पडला होता, बायका टोपल्या घेऊन ऑक्टोपस शोधत दूरवर पांगल्या होत्या. जाळं बंद असल्याने डबकं नितळ राहायचं, म्हणून त्यांची पोरं तिथेच डुंबत होती. टिमाने कडेला बसून आत पाहिलं. जिथे चाळीस तुकडे लावायचे होते, त्या कपारीत तपकिरी धागे डोलत होते, आणि प्रत्येकाच्या टोकाला बुडबुडा होता. कपारीखाली दोन शंख उताणे पडले होते.

तिने बरणी भरली, हलवली, अंगावर गुंडाळलेल्या रंगीत लेसोच्या पदरातून गाळली आणि उन्हात धरून बसली. अथमानला बघवेना. थोड्याच वेळात पाण्यात पहिला धागा दिसला.

"आत्या, ऐक माझं." त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "कुणी पाहिलेलं नाही. समुद्र मोठा आहे, जिरवेल. तू बोललीस तर लोक तुला उभं करणार नाहीत, आणि निळं लावायचं कायमचं राहून जाईल. परत कोण वर्षभर डबकं सोडेल तुझ्या शब्दावर? मी शपथ घेतो, तोंड उघडणार नाही."

निळं राहून जाईल! कोंबोचं तेवढंच एक उरलं होतं या जगात. गप्प बसलं तर निदान दुसऱ्या कपारीत लावून बघता येईल, हेही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगायचं!

तेवढ्यात झुहुरा टोपली सांभाळत आली. ती टिमाची लहानपणापासूनची मैत्रीण. "काय गं, आज डबे नाहीत? समुद्राला विसरलीस?" ती हसली, मग डबक्याकडे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "आमचा म्बारक दोन दिवस खोकतोय बघ, तरी पाण्यातून निघत नाही मेला."

टिमा उठली. अथमानने तिचा लेसो धरला, तिने तो सोडवून घेतला.

"झुहुरा, पोरांना बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता."

"का? काय झालं?"

"विष आहे यात. मी आणलंय. माझ्या टाकीतलं, माझ्या डब्यांतून, दर उधाणाला."

झुहुरा आधी हसली. मग टिमाच्या हातातल्या बरणीकडे तिचं लक्ष गेलं, आणि टोपली तिच्या कमरेवरून घसरली. आसपासच्या दोघी-तिघी थांबल्या.

"चाळीस तुकडे?" कुणीतरी विचारलं.

"नाही लावायचे. तेही यातच वाढलेत. सगळ्यांना सांगा, माझं नाव घेऊन सांगा."

झुहुराने नातवाला हाक मारली. म्बारक पाण्याबाहेर डोकं काढून खोकला आणि पुन्हा बुडी मारून गेला. टिमाने बरणी अथमानच्या हाती दिली, लेसो गुडघ्यावर खोचला आणि ती स्वतःच डबक्यात उतरली, एकेका पोराला काखेत धरून कोरड्या खडकावर आणून ठेवायला.