बहिणीच्या वायरीवरचा मीटर

गल्लीत सगळे त्याला बॅटरीवाला म्हणत. खालच्या गाळ्यात तो बॅटऱ्या भरून द्यायचा, दुरुस्त करायचा. वरच्या खोलीत त्याची धाकटी बहीण राहायची. नवरा गेल्यापासून ती शिवणकामावर घर चालवत होती. दुपारी वीज गेली की तिचं काम अडायचं, म्हणून त्यानेच आपल्या मोठ्या बॅटरीवरून एक वायर वर नेली होती. त्या वायरीवर मशीनची छोटी मोटर आणि एक दिवा, एवढंच चालवायचं असं ठरलं होतं.

हल्ली ती बॅटरी लवकर उतरायला लागली. वीज जाते कुठे, हे कळावं म्हणून त्याने बहिणीच्या वायरीवर एक स्वस्तातला डिजिटल मीटर बसवला. लाल आकड्यांत व्होल्ट, निळ्या आकड्यांत करंट. व्होल्टचा आकडा त्याने आपल्या जुन्या, भरवशाच्या मीटरशी ताडून पाहिला. अगदी जुळला. करंट ताडायचा तर वायर सोडवावी लागते, आणि दारात गिऱ्हाइकं खोळंबली होती. एक आकडा बरोबर आहे म्हणजे दुसराही असणार, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला.

मशीन आणि दिवा मिळून दोन अँपिअर घेतात, हे त्याला ठाऊक होतं. दोन्ही चालू असताना मीटर चार दाखवत होता.

त्या दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई शिवलेले कपडे घेऊन निघाल्या. त्यांना सोडायला बहीण खाली आली. त्याने त्यांच्यासमोरच विचारलं, "काय गं, वर पंखा लावतेस का?"

"नाही रे दादा."

"मग हा काय खोटं बोलतोय?" त्याने मीटरकडे बोट केलं. "लावायचा तर सांगून लाव. चोरून कशाला?"

नर्सबाई उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. बहीण जिना चढून वर गेली. थोड्या वेळाने वायरीचं टोक खिडकीतून खाली सोडलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी वीज गेली, तेव्हा सवयीने त्याची नजर मीटरवर गेली. निळा आकडा दोन होता. वायर तर बाहेर भिंतीवर मोकळी लोंबत होती.

आता कुठे त्याने जुना मीटर काढला, दोन्ही एका रांगेत जोडले आणि एक बल्ब लावला. जुना मीटर एक म्हणाला, नवा तीन. बल्ब वाढवले, तरी नवा आपले दोन जास्तच सांगत राहिला. मग त्याने बॅटरीची झाकणं उघडली. एक कप्पा कोरडा पडला होता, म्हणूनच ती लवकर उतरत होती. त्यात पाणी घालणं हे त्याचंच काम.

तो वर गेला, तेव्हा बहीण खिडकीशी बसून एका हाताने मशीनचं चाक फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने कापड सरकवत होती.

"मीटर चुकीचा निघाला," तो म्हणाला. ते वाक्य त्याचं त्यालाच ओशाळवाणं वाटलं. "म्हणजे, मी तपासला नव्हता."

"बरं," ती म्हणाली. चाक थांबलं नाही.

खोलीत उकडत होतं. त्याने सहज कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे पंख्याचं रिकामं स्टूल होतं.

"पंखा कुठे गेला?"

तिने मान वर केली. "तुझ्याच फळीवर आहे की. दुरुस्तीला दिला होता ना, उन्हाळा लागायच्या आधी."

तो त्या रिकाम्या स्टुलावर टेकला. "काल का नाही बोललीस?"

"नर्सबाईंसमोर? तुझं हसं झालं असतं."

त्याच संध्याकाळी त्याने पंखा दुरुस्त करून वर नेला, वायर पुन्हा जोडली आणि मीटर काढून टाकला. दवाखान्यात जाऊन नर्सबाईंनाही सांगितलं, "चूक माझी होती. ती खरं बोलत होती." त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं." तो खाली मान घालून परतला.

बहीण पूर्वीसारखी बोलते, चहाही पाठवते. फक्त आता वीज गेली की मशीन सुरू करण्याआधी ती जिन्यात येऊन सांगते, "दादा, मशीन लावते रे. आणि दिवा." सांगायची गरज नाही, असं त्याने कितीदा तरी म्हटलं. ती हो म्हणते, आणि तरीही सांगते. त्याच्याकडे गिऱ्हाईक असलं की तो मान वर करत नाही, नुसतंच "हं" म्हणतो.