डाव्या हाताचा भाला

चौसष्ट साली माझी सोयरीक घेऊन सासूबाई माझ्या माहेरी, फुलसावंगीला आल्या. वडिलांनी विचारलं, "पोरगा काय करते?" सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, "फौजेत हाये. अन् भाला फेकाले त्याच्यापुढं ब्रिगेडात कोनी नाही."

हे बोलणं फुशारकीचं नव्हतं. माझ्या नवऱ्याला, उकंडांना, फेकायला शिकवलं ते या माझ्या सासूबाईंनी, रुखमाबाईंनीच. बोरी अरबजवळच्या आमच्या गावात त्या लोकांच्या ज्वारीची राखण करायच्या. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली की दगड पार शेताच्या धुऱ्यापलीकडे जाई. लहानपणापासून हेही त्यांच्याशेजारी उभे राहून फेकायचे.

छप्पनच्या दसऱ्याला मायलेकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर त्या हंगामात कोणी राखणीला बोलावलं नाही. हे अठरा वर्षांचे होते. पुढच्या वर्षी यवतमाळला फौजेची भरती निघाली, तिथे निवडले गेले. ट्रेनिंगमध्ये यांनी पहिला हातगोळा फेकला तेव्हा उस्ताद म्हणाला, "फिर से फेंक." तीनदा फेकायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी हातात भाला दिला. एकसष्ट साली ब्रिगेडच्या खेळांत एकशे ऐंशी फुटांवर भाला टाकून पहिले आले. त्यानंतर तीन वर्षं तो नंबर कोणाला दिला नाही.

पासष्टच्या लढाईत पंजाबच्या सीमेवर तोफगोळ्याचा तुकडा यांच्या उजव्या खांद्यात शिरला. हात वाचला, पण कानाच्या वर जाईना. इस्पितळातून दोन महिन्यांची रजा घेऊन घरी आले ते नुसते ओट्यावर बसून राहायचे. जेवायला बसले की मान खाली. एक दिवस म्हणाले, "कौसल्या, तो भाला आता दुसऱ्याच्या हाती गेला."

सासूबाई चुलीपाशी भाकर थापत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "हात किती हायेत तुले?"

"दोन."

"मंग एकाचंच काहून घेऊन बसला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी एक सरळ बांबू तासला आणि अडाण नदीच्या पात्रात गेले. मीही मागोमाग गेले. डाव्या हातानं फेकलेला बांबू पंधरा पावलांवर आडवा पडला. दुसऱ्यांदा त्याहून जवळ.

"पाय पाह्य माह्ये," ते मला म्हणाले. "कोन्ता पुढं पडते ते सांग."

मी पाय पाहायची, सांगायची आणि धावत जाऊन बांबू आणायची. कपडे धुणाऱ्या बायका हसायच्या. मैनाबाईनं तर विचारलंच, "तुहा नवरा बांबू कायले फेकून राह्यला व?"

"सराव करून राह्यले," मी म्हटलं. पहिले चार दिवस डोक्यावरचा पदर सांभाळत पळाले, मग सरळ कमरेला खोचला. रजा संपली तेव्हा बांबू पन्नास पावलांवर वाळूत उभा रुतत होता.

पुढचं त्यांनी पत्रात कधी लिहिलं नाही. सदुसष्टच्या दिवाळीला रजेवर आले तेव्हा सोबत पुसदकडच्या तांड्यावरचे, यांच्याच पलटणीतले धरमसिंग होते. त्यांनी सगळं सांगितलं.

"वहिनी, खांदा पाहून यायले कोतात, बंदुकाच्या कोठीत बसवलं होतं, बंदुका मोजाले. यानं साहेबाजवळ जाऊन खेळात नाव लिवलं. भाला डाव्या हातात धरला तं पोरं हासली. त्याइले वाटलं, हा धराले चुकला. मंग यानं फेकला. एकशे शेहेचाळीस फूट! तिसरा नंबर. पहिल्या नंबरवाल्या पोरानं येऊन पायाले हात लावला याच्या."

"अन् तू सांगतलं बी नाही?" सासूबाई लेकाला म्हणाल्या.

"तिसराच तं आला माय," हे पुटपुटले.

सासूबाईंनी लेकाची पेटी उघडून बक्षिसाचा लहानसा पितळी कप काढला, पदरानं पुसला आणि शेजारच्या रुपीबाईला हाक मारली. त्या दिवाळीत आमच्या दारी आलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात तो कप गेला. बोरीच्या बाजारातही त्या तो पिशवीत घेऊन गेल्या आणि भाजीवाल्यापासून कापडवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटल्या, "डाव्या हातानं जितला माह्या उकंडानं, डाव्या!" हे लाजून पुढे चालत होते. मी मात्र सासूबाईंच्या बरोबरीनंच चालले.