गुडघ्यावरची पगडी

देवासात माझ्या वडिलांना नावाने कोणी ओळखत नसे. ते पगडीवाले आबा. संस्थानाच्या थोरल्या आणि धाकट्या, दोन्ही पात्यांच्या, म्हणजे दोन्ही गाद्यांच्या, दरबारांत त्यांच्या हातच्या पगड्या दिसत. दुसरे कारागीर पगडी गुडघ्यावर बांधत, आबा स्वतःच्या डोक्यावर. "गुडघ्यावर बांधलेली पगडी गुडघ्यालाच शोभते," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. गर्व होताच, पण तो खपून जायचा.

विसावं शतक लागून आठ-दहा वर्षं झाली होती. आबा सत्तरीचे, मी विधवा होऊन माहेरी परतलेली. दसऱ्याच्या पगड्यांची घाई सुरू झाली आणि त्यांची कानशिलं ठणकू लागली. शेजारचे अत्तरवाले म्हणाले, "भिया, जिंदगीभर दुसऱ्यांच्या पगड्या डोक्यावर घेतल्या, डोकं कुरकुरणारच ना! जरा ढिली बांधत जा." आम्हां सगळ्यांना ते पटलं. पगडीवाल्याचं डोकं दुखलं तर दोष पगडीचाच.

मग डोक्याला फणीसुद्धा सोसेना. तेल लावताना कानशिलावर सुतळीसारखी टणक शीर माझ्या बोटांना लागली. "पगडीचा वळ आहे तो," आबा म्हणाले. भाकरीचे दोन घास चावले की जबडा भरून येई, तिसरा तोंडात धरून ते नुसते बसून राहत. आम्ही त्यांची चांगली दाढ उपटवली! एकदा डोळ्यांपुढे पडदा आला आणि गेला. "कुणाला सांगू नकोस, बेटा. दसऱ्याचं काम जाईल." मी सांगितलं नाही.

अखेर त्यांनी पगडी गुडघ्यावर घेतली. मान खाली घालून बांधत होते, आणि मी मूर्ख मनात खूश होते. आता डोकं दुखायचं थांबेल, असं वाटलं.

आज, इतक्या वर्षांनी, माझा डॉक्टर भाचा सांगतो, म्हातारपणी कानशिलाच्या रक्तवाहिन्यांना अशी सूज येते. डोकं दुखतं, चावताना जबडा दुखतो, आणि वेळीच औषध दिलं नाही तर नजर जाते. "मावशी, तेव्हा ते औषधच नव्हतं," असंही तो म्हणतो. ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दसऱ्याला चार दिवस उरले होते. सकाळी आबांनी अंथरुणातूनच हाक मारली, "बेटा, अजून उजाडलं नाही का?"

खोलीत लख्ख ऊन पडलं होतं.

"अजून नाही, आबा," मी म्हटलं.

त्यांनी पायांवरचं पांघरूण बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, "पायांवर ऊन लागतंय गं."