आयची हाक

"करून दाखव गं," डॉक्टर म्हणाले.

मी दहा वर्षांची. पायात चप्पल नाय, अंगाला मेंढरांचा वास. समोर डॉक्टरकी शिकणारी पोरं-पोरी, वह्या घेऊन. एकीनं नाकाला रुमाल लावलेला. त्या दिवशी आयला घरी न्यायचं होतं. बाप मला घेऊन गंगापूरहून जीपनं आला होता. तान्हं लेकरू गेलं तवापासून आय बोलत नव्हती, म्हणून तिला इथं ठेवली होती. येड्यांचा दवाखाना तवा नवाकोरा. पिवळा रंग, फाटकाशी गुलाब.

वॉर्डात आय एकच आवाज काढायची. टाळूला जीभ टकटक, मग लांब हुर्रर्र. कागदावर लिवलेलं, जनावरासारखा आवाज काढते. अरे, ती मेंढरं वळवायची हाक. आमच्यात शेंबड्या पोरालाही कळती. मी तसं बोलले, म्हणूनच डॉक्टर करून दाखव म्हणाले. मला वाटलं, दाखवलं तर डॉक्टरला कळंल, आय येडी नाय. मी छाती भरून हाक मारली.

आय आतून धावत आली. गजांना धडकली अन् त्याच हाकेनं मला बोलवायला लागली. लई दिवसांनी तिच्या डोळ्यात ओळख होती. दोघा वॉर्डबॉयनी धरून तिला सुई टोचली. पोरं हसली.

"पाहिलंत? मुलीतही आलंय," डॉक्टर म्हणाले. घरी न्यायचं रद्द झालं.

बाप हात जोडून व्हय साहेब, व्हय साहेब करत राहिला. आय तिथंच मेली, दोन पावसाळ्यांनी. माझ्या हाकेनं मेली, असंच मला वाटतं.

मग दवाखानाही मेला. आधी डॉक्टर यायचे थांबले, मग औषधं. उरलेल्या बायका कुठं नेल्या, देव जाणे. पत्रे, दारं, नळ लोकांनी उचलले. गज तेवढे राहिले. आता आत गवत माजतं अन् लगीन होऊन याच बाजूला आलेली मी तिथंच मेंढरं चारते. पोटाला लाज नसती.

परवा गारखेड्याची चार पोरं आली. भुताचा व्हिडिओ करायचा म्हणं. एक लाडीगोडीनं बोलला, "मावशी, येड्या बायका कशा ओरडायच्या, करून दाखवा ना."

हाक जिभेवर आली होती. गिळली.

"नाय दाखवत. माझी आय होती इथं. तिचं ऐकायचं असंल तर मोबाईल लाव, सांगते."

त्यानं मोबाईल खिशात घातला. मेल्यांना भूत पायजे होतं, आय नको.

तवापासून त्या आवारात मी मेंढरांनाही हाक मारत नाय. सांज झाली की काठीनं एकेक वळवून आणते. गुडघे लई दुखतात. दुखू दे. त्या गजांसमोर ती हाक आता कुणाला ऐकू येणार नाय. मी जित्ती हाय तोवर नाय.